विरळणी

चढाई अर्ध्यावर असताना समालोचन थांबलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं माईक गेला.

"आणि पाटणचा गडी आता डाव्या कोपऱ्यात शिरलाय, पाय लांबवलाय, बोनसची रेघ..." इथपर्यंत रणधीर इंगवलेचा आवाज मंडपभर घुमत होता. मग नुसती खरखर. साउंडवाल्याने तारा हलवून पाहिल्या. तेवढ्यात चढाईवाला दोन गडी मारून परतलाही, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तरी वरून काहीच येईना म्हणून कुणीतरी मचाणाकडे बघितलं. रणधीर खुर्चीतच होता. माईक हातात, नजर मैदानावर. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती, आणि डाव्या बाजूने तो काहीतरी सांगू पाहत होता.

कऱ्हाड, पाटण, कोरेगाव या भागात कबड्डीचा सामना म्हणजे रणधीरचं समालोचन, हे इतकी वर्षं ठरलेलंच होतं. दरवर्षी मार्चनंतर उन्हामुळे उघड्यावर खेळणं अशक्य झाल्यापासून सामने गारव्याच्या बंद मंडपात होऊ लागले होते. पंचांचे निर्णय कॅमेरे देत, गड्यांच्या छातीचे ठोके पडद्यावर दिसत. एवढं सगळं बदललं, पण समालोचनाला माणूस लागे आणि तो रणधीरच लागे. हरणाऱ्या संघालाही तो असा रंगवायचा की हरलेली पोरं मान वर करून घरी जायची.

त्याची बायको तृप्ती वीज उपकेंद्रात अभियंता होती. दोघं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकमेकांना 'तू'च म्हणत. चारचौघांत तेवढं ती त्याला 'हे' म्हणायची. त्यांची एकुलती एक मुलगी जुई कोल्हापूरला वास्तुकला शिकत होती.

हातपाय हळूहळू सुधारले. काठी सुटली, घास हातात धरता येऊ लागला. बोलणं मात्र आलं नाही. डाव्या कानाच्या वर मेंदूचा लिंबाएवढा तुकडा रक्तावाचून मेला होता. त्याला समोरच्याचं कळायचं, त्यावर सांगायचंही असायचं, पण शब्दच हाती लागायचे नाहीत. तोंडातून एकच निघायचं, "दे दे दे." चहा हवा असला तरी "दे दे", राग आला तरी "दे दे", आणि तृप्ती शेजारी येऊन बसली की हळू आवाजात तेच.

जुईने एक यंत्र आणलं. गळ्यात घालायचा पट्टा. घशाच्या हालचाली आणि नजर यांवरून माणसाला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधून ते बोलायचं, आणि रणधीरच्या जुन्या सामन्यांवरून त्याचाच आवाज त्यात भरला होता. जुई कोल्हापूरला परत निघाली त्या दिवशी तो दारापर्यंत आला. काहीतरी सांगायचं होतं. डोळे भरले, घसा हलला, आणि पट्ट्यातून खणखणीत, हसऱ्या आवाजात आलं, "काळजी करू नको. मी बरा आहे."

जुईने आनंदाने टाळी वाजवली. रणधीरने पट्टा काढला, मोरीत गेला आणि भरलेल्या बादलीत बुडवून धरला. त्याला ते म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर तो मंडपाकडे गेला नाही. शेजारी भेटायला आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. तृप्ती कामावरून आली की तिला त्याच्या बसण्यावरून कळायचं की सकाळपासून तो त्याच कोपऱ्यात आहे.

साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून, चेतापेशींवर उपचार करणारं एक नवं केंद्र उघडलं होतं. तिथल्या डॉक्टर शबनम मुजावर चाळिशीतल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि रणधीरकडे बघून समजावलं, तृप्तीकडे नाही. हे तृप्तीला फार बरं वाटलं.

"मेलेला मेंदू परत येत नाही, असं आम्ही शिकलो," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. पण प्रत्येक मेंदू एकदा तरी शून्यातून तयार होतोच. आईच्या पोटात. आम्ही म्हटलं, तिथे काय होतं ते नीट बघू आणि तेच पुन्हा करू."

गर्भ दाण्याएवढा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या कडा उचलतात, एकमेकींना चिकटतात आणि नळी होते. नळीचं एक टोक फुगून मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. त्या वेळी सगळ्या पेशी सारख्याच असतात, काहीही होऊ शकतील अशा. नळीच्या पोटाकडून एक रेणू झिरपत असतो, पाठीकडून दुसरा. कुठल्या पेशीला कशाचा किती अंश मिळाला, त्यावरून तिला आपली जागा कळते, आणि जागेवरून काम. कुणी हालचालीची चेतापेशी होते, कुणी स्पर्शाची. मग प्रत्येक पेशी एक धागा बाहेर काढते. धाग्याचं टोक चाचपडत पुढे सरकतं. वाटेवरचे काही रेणू त्याला ये म्हणतात, काही जा म्हणतात, आणि तसं वळत वळत ते नेमकं पोचायचं तिथे पोचतं. सांगणारा कुणी नसतो. नुसते निरोप असतात.

"तुमच्या दंडाची थोडी कातडी घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या पेशींना उलटं नेऊन पुन्हा मूळपेशी करू, त्या दिवसांतल्यासारख्या. त्या मेलेल्या जागेत सोडू. आणि गळ्याजवळच्या हाडाखाली एक छोटा पंप बसवू, तो केसाएवढ्या नळीतून गर्भातले निरोप त्याच क्रमाने त्यांना देत राहील. पेशी तुमच्याच असतील. पण नव्या असतील, त्यांना काहीच येत नसेल. बोलणं पहिल्यापासून शिकावं लागेल. तयार आहात?"

रणधीरने मान हलवली. मग डॉक्टरांना दिसली नसेल असं वाटून पुन्हा हलवली.

पहिला शब्द पावसाळा संपता संपता आला. केंद्रात वाचाउपचार करणारी ऋचा गोडबोले नावाची पुण्याची मुलगी होती. तिने पेला दाखवून विचारलं, "हे काय आहे?" रणधीरने ओठ जुळवले, सोडले आणि म्हणाला, "पाणी."

तृप्ती दारात उभी होती. ती आधी रडली आणि मग हसली. आयुष्यभर हा माणूस 'पानी'च म्हणत आला होता. मंडपात हजार माणसांसमोरसुद्धा पानी. "बघ, मेंदू नवा घातला आणि तू पुणेकर झालास," ती म्हणाली. तोही हसला.

त्यानंतर शब्द रोज येऊ लागले. वस्तूंची नावं, मग दोन शब्द जोडून, मग अख्खी वाक्यं. दिवाळीत जुईने दार उघडलं तेव्हा आतून हाक आली, "कोन हाय त्ये?" आणि ती चपला न काढताच आत पळाली. घरात कित्येक महिन्यांनी गलका झाला. रणधीर दमेपर्यंत बोलायचा. तृप्ती भाजी चिरत असताना तो समोर बसून तिच्या चिरण्याचं समालोचन करायचा. "आणि तृप्ती इंगवले आता कांद्याकडं वळल्यात. कांदा लय बाराचा हाय. डोळं सांभाळा, वहिनी."

तो हिवाळा त्या घराचा सगळ्यात सुखाचा काळ होता. आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षाही.

एके दिवशी दुपारी तो जुने सामने पडद्यावर बघत बसला होता. तृप्ती चहा घेऊन आली. त्याने आवाज बंद केला होता.

"तृप्ते, ह्यो सामना कवाचा?"

"कोरेगावची अंतिम फेरी. जुईच्या बारशाच्या आदल्या दिवशी नाही का? तू बसलेल्या घशाने बारशाला उभा होतास."

त्याने सामना थोडा मागे नेऊन पुन्हा बघितला. "कोन जिंकलं?"

तिला वाटलं चेष्टा करतोय. त्या सामन्याची शेवटची चढाई तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. "खरंच आठवत नाही?"

"सामना न्हाय आठवत. बारसंबी न्हाय," तो म्हणाला. चेहरा फिका पडला होता. "आन तृप्ते, ही पहिली गोष्ट न्हाय. मी बोललो न्हाय तुला."

मग त्याने सांगितलं. वडिलांचा चेहरा फोटोत बघितला तर कळतो, डोळे मिटले की येत नाही. शाळेतल्या बाईंचं नाव गेलंय. दोघं पळून महाबळेश्वरला गेली होती हे माहीत आहे, कारण तृप्ती परवा त्यावरून बोलली. पण तिथे काय झालं ते आत काही दिसत नाही.

डॉक्टर मुजावरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावलं. या वेळी त्या टेबलामागे बसल्या नाहीत, खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"गर्भातली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती," त्या म्हणाल्या. "कारण तिचा इथे संबंध येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. गर्भात चेतापेशी लागतात त्याच्या जवळपास दुप्पट तयार होतात. त्या सगळ्या जगत नाहीत. जिथे त्यांचे धागे पोचतात तिथे एक पोषण मिळतं, अगदी मोजकं. ज्यांना मिळतं त्या राहतात. बाकीच्या स्वतःहून विरघळतात. शेतात दाट पेरलं की मागून विरळणी करतात, तसं. त्या विरळणीशिवाय मेंदू होतच नाही."

"नव्या पेशी मरतायत?" तृप्तीने विचारलं.

"नाही. नव्या तगड्या आहेत. त्यांना पंपातून निरोप मिळतायत, वाढा, पसरा, जागा धरा. त्यांचे धागे आता मूळ जागेच्या बाहेर गेलेत, जुन्या पेशींच्या शेजारी. पोषण तेवढंच आहे, खाणारे वाढलेत. जुन्या उपाशी मरतायत. विरळणी जुन्यांची होतेय."

"हे आधी कळलं नाही?"

"आम्ही उंदरांवर केलं होतं. नवी वाट शिकतात का, हे विचारलं. फार चांगली शिकले. जुनी वाट आठवते का, हे आम्ही विचारलं नाही." त्यांनी तृप्तीची नजर चुकवली नाही. "विचारायला हवं होतं."

रणधीरने हात वर केला, वर्गात करतात तसा. "पंप बंद केला तर?"

"नव्या पेशी अजून पंपावर जगतायत. बंद केला तर त्या काही आठवड्यांत जातील. बोलणं जाईल. यापुढे जुनं जे उरलंय ते उरेल. पण गेलेलं परत येणार नाही."

"आन चालू ठेवला तर?"

"वर्षभरात त्यांची वाढ पुरी होईल. मग पंपाची गरज नाही. तुम्ही नीट बोलाल, विचार कराल, नवं सगळं लक्षात राहील. निरोगी माणूस असाल. पण तो माणूस तुम्ही किती असाल, हे मला सांगता येत नाही. फार थोडे, असं मला वाटतं. पंप कमी करता येतो का तेही पाहिलं. कमी केला की दोन्हीकडच्या मरतात."

परत येताना तृप्ती गाडी चालवत नव्हती. गाडीच आपली चालत होती, आणि त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळेना. उंब्रजच्या पुढे तिने गाडी कडेला थांबवायला सांगितली.

"बंद करायचा," ती म्हणाली. "उद्याच. आपण परत 'दे दे'वर राहू. मला सगळं कळत होतं त्यात. मला काही फरक पडत नाही, रणधीर."

त्याने तिचा हात हातात घेतला.

"तू मला ओळखशील. जुईला ओळखशील. अजून पुष्कळ शिल्लक आहे तुझ्यात. पुरेल मला तेवढं."

"तुला पुरंल," तो म्हणाला. "मला न्हाय पुरायचं, तृप्ते."

"म्हणजे?"

"तू बाहेर हुतीस. मी आत हुतो. आत काय असतंय त्ये मी तुला सांगतो, कारन आज मला सांगता येतंय." तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "हीर असती बघ. वर मान्सं दिसत्यात. वरडतुयास, आन वर आवाजच जात न्हाय. कुनी वाकून बघतंय आन म्हनतंय, बरा हाय वाटतं. रोज. सकाळ झाली की पयलं त्येच. पुन्यांदा मी तितं जानार न्हाय."

"आणि मी? तू मला विसरलास तर मी कुठे जाऊ?"

"तू हितंच असशील. मीच नसन." तिने त्याच्या हातातून हात ओढून घेतला तेव्हा तो म्हणाला, "म्होरं कोन गडी असंल मला म्हाईत न्हाय. पर त्यो विहिरीत नसंल."

"मला तो नको."

"म्हाईत हाय मला."

घरी गेल्यावर तिने जुईला बोलावून घेतलं. जुईने समजावलं, मग भांडली, मग रडली. तृप्ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती त्याच्याकडचे दिवस खर्च करतेय. कायद्याने निर्णय त्याचा होता. तो शुद्धीवर होता, बोलत होता, स्वतःचं भलंबुरं त्याला कळत होतं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा पंप चालू ठेवायला सांगितलं.

आणि तिला जे कधी कुणाला सांगता आलं नाही ते हे, की त्याने तिच्यात आणि बोलण्यात बोलणं निवडलं होतं, आणि का ते तिला समजत होतं, आणि समजूनही ती त्याला माफ करू शकत नव्हती.

पुढच्या दिवसांत तो फक्त बोलला. जे आठवत होतं ते सगळं सांगायला बसला, क्रम नाही, काही नाही. आईच्या हातची उडदाची आमटी. पहिल्यांदा माईक हातात घेतला तेव्हा मागून कुणीतरी टपली मारली होती. तृप्तीच्या वडिलांनी त्याला दारातून हाकलला तेव्हा तिच्या आजीने खिडकीतून लाडू दिला होता. तृप्ती ऐकायची. तिला वाटायचं सांगितल्याने टिकेल. पण सांगून झालेली गोष्टसुद्धा आठवड्याने विचारली तर नसायची. किंवा असायची, पण तिने पुन्हा सांगितल्यासारखी, तिच्या शब्दांत.

एकदा जुईने विचारलं, "बाबा, त्या दिवशी दारात तुम्हाला काय सांगायचं होतं? पट्टा बुडवलात तेव्हा?"

त्याने खूप प्रयत्न केला. कपाळाला घाम आला. "सांगायचं हुतं येवढं आठवतंय," तो म्हणाला. "काय, त्ये गेलं."

भाषाही बदलत चालली होती. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाय'चं 'नाही'. ऋचाने शिकवलेली स्वच्छ, गुळगुळीत मराठी आतून वर येत होती आणि तिच्याखाली त्याची बोली विझत होती. मार्च लागला. मंडपात सामने सुरू झाल्याचा आवाज खिडकीतून येई. एका सकाळी तृप्ती डबा भरत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही आता कामाला निघालात का?" त्याने विचारलं.

तिने वळून बघितलं. तो अदबीने उभा होता, परक्याच्या घरी उभं राहतात तसा. भाजीचा चमचा हातात तसाच राहिला. तिने वाट बघितली, तो हसेल, तृप्ते म्हणेल, कांद्याचं काहीतरी बोलेल.

"हो," ती शेवटी म्हणाली. "निघाले."

"बरं. मी भांडी घासून ठेवतो."

तो चांगला माणूस होता. हे तृप्तीला मान्य करावंच लागलं. भांडी घासायचा, बागेला पाणी घालायचा, तिच्या पायांवर सूज दिसली तर गरम पाणी आणून ठेवायचा. झोपायला स्वतःहून जुईच्या खोलीत जाऊ लागला, कारण अनोळखी बाईच्या खोलीत झोपणं त्याला बरं वाटेना. ती त्याची बायको आहे हे त्याला माहीत होतं, आपण कुठल्या वर्षी जन्मलो हे माहीत असतं तसं. पुस्तकं वाचायचा, प्रश्न विचारायचा. रणधीरने आयुष्यात पुस्तक हातात धरलं नव्हतं.

जुई आली की त्याला शिकवायची. "मला तुम्ही म्हणू नका ना बाबा. तू म्हणा."

"तू," तो म्हणायचा, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा चुकायचा, आणि माफी मागायचा. तिसऱ्या खेपेनंतर जुईने घरी येणं कमी केलं. फोनवर आईला म्हणाली, "आई, ते फार चांगले आहेत. मला नाही बघवत."

कबड्डी मंडळाच्या पोरांनी आग्रह करून त्याला पुन्हा मचाणावर चढवलं. त्याने नियम वाचून काढले होते. समालोचन स्पष्ट केलं, एकही चूक नाही. आवाज तोच. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सामना संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी तृप्तीला नारळ दिला. "वहिनी, तुमची पुण्याई," ते म्हणाले. "रणधीरभाऊ माघारी आले. आमचा माणूस आम्हाला मिळाला." बायकांनी तिची ओटी भरली. तिने सगळ्यांना नमस्कार केला. त्या दिवशी हरलेली पोरं मान खाली घालून बसगाडीत चढताना तिला दिसली, पण ते आणखी कुणाच्या लक्षात आलं नाही.

वाढ पुरी होऊन पंप काढल्यानंतर थोड्याच दिवसांनी तो म्हणाला, "तुमच्याशी एक बोलायचं होतं. बसता का?"

ती बसली.

"मला साताऱ्याच्या केंद्रात काम मिळतंय. नव्या रुग्णांना बोलायला शिकवायचं. राहायची सोय तिथेच आहे." त्याने शब्द आधीच जुळवून ठेवले होते हे दिसत होतं. "या घरात सगळं त्यांचं आहे. कपडे, खुर्ची, तुम्ही. तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा माझ्यामागे कुणी उभं आहे का ते बघता. मला त्याचा राग नाही. पण मी त्यांची जागा खाऊन जगतोय, हे मला रोज आठवतं."

"त्यात तुमचा काही दोष नाही," तृप्ती म्हणाली. तीही आता त्याला तुम्ही म्हणत होती. कधीपासून ते तिला आठवेना.

"एक विचारू? ते कसे होते?"

ती सांगायला लागली. कोरेगावची अंतिम फेरी, कांद्याचं समालोचन, खिडकीतला लाडू. तो मन लावून ऐकत होता, मध्ये मध्ये हसत होता, ज्याला कधी भेटलो नाही अशा माणसाबद्दल ऐकताना हसतात तसा.

"मला आवडले असते ते," तो म्हणाला.

तिने स्वतः त्याला साताऱ्याला सोडलं. एक बॅग, थोडी पुस्तकं. केंद्राच्या दारात खुर्च्यांवर माणसं बसली होती, बरीच. नावं नोंदवायला आलेली. एका म्हाताऱ्याचं तोंड ओघळलं होतं, शेजारची बाई त्याची लाळ पुसत होती. त्या बाईने रणधीरला ओळखलं, फोटोत बघितला असावा, आणि ती लगबगीने तृप्तीकडे आली.

"ताई, हेच ना ते? खरंच पहिल्यासारखे बोलतात?"

तृप्तीने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. काहीतरी सांगायचं होतं त्याला. विहिरीतून.

"सगळं सांगून घ्या डॉक्टरांकडून," ती म्हणाली. "काय जातं तेही."

"ते सांगितलं त्यांनी," बाई म्हणाली. "पण बोलतात ना?"

"बोलतात," तृप्ती म्हणाली.

परतताना ती घरी गेली नाही. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर, जिथे दहाव्या-बाराव्याचे विधी होतात, त्या घाटावर उतरली. ऊन कलत होतं. एक गुरुजी आटोपून सामान पिशवीत भरत होते. तिने जवळ जाऊन विचारलं, आत्ता एक पिंडदान होईल का.

"होईल की. कोण गेलं?"

"आमचे हे."

गुरुजींनी तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं. पिशवीतून पुन्हा दर्भ काढला. "तिथी?"

"माहीत नाही."

"तारीख तरी?"

तिने आठवून बघितलं. डबा भरत होती ती सकाळ? की त्याच्या आधी कधीतरी, ती झोपेत असताना? "नक्की कळलं नाही," ती म्हणाली. "हळूहळू गेले."

"हरवलेत का? तसं असेल तर बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. मगच करता येतं."

"नाही. साताऱ्याला आहेत."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. वयस्कर माणूस होते, चिडले नाहीत. "बाई, जिवंत माणसाचे पिंड पाडत नाहीत," ते म्हणाले. "अभद्र असतं. घरी जा. संसारात भांडणं होतात. येतील ते."

ती पायरीवर बसली. नदीला पाणी कमी होतं. थोड्या वेळाने फोन वाजला. तिने उचलला. ज्या आवाजासाठी तालुक्यातली माणसं सामना बघायला यायची, तो आवाज होता.

"मी रणधीर बोलतोय," तो म्हणाला, आपला आवाज तिला ओळखू येणार नाही असं धरून. "तुम्ही नीट पोहोचलात का, एवढंच विचारायचं होतं."

"हो. पोहोचले."

"बरं. ठेवतो मग."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. गुरुजी सामान आवरता आवरता तिच्याकडे बघत होते. त्यांना पलीकडचा आवाज ऐकू गेला असावा. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघा," ते म्हणाले. "आला की नाही फोन?"

तृप्तीने मान हलवली, चपला घातल्या आणि घाटाच्या पायऱ्या चढू लागली.